माळेतलं चोरीस आणि पाकिटातला हॉट डॉग

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीस विकणाऱ्या बायकांची ओळ शोधावी लागत नाही. माडाचं व्हिनेगर, लसूण आणि धूर यांचा मिसळलेला वास आधी नाकाला लागतो, मग लाल मण्यांच्या माळा दिसतात. आम्हा दोडामार्गकरांना हा बाजार अस्नोड्यावरून पंचवीस-तीस किलोमीटरवर, म्हणून आठवड्याची बरीचशी खरेदी तिथलीच. मे महिन्यात परतीच्या गाडीत कुणाच्या तरी पिशवीत चोरिसाची माळ असतेच. हल्ली तिच्या शेजारी आणखी एक वस्तू असते: मोठ्या दुकानाच्या फ्रीझरमधून उचललेलं गुलाबी सॉसेजचं पाकीट, मुलांना घरी हॉट डॉग करून द्यायला.

घरी पोचल्यावर काय होतं ते मी अनेक स्वयंपाकघरांत पाहिलं आहे. माळ महाग, कौतुकाची, म्हणून ती लगेच फ्रीजमध्ये जाते. पाकीट ओट्यावर पडून राहतं, सगळं सामान लावून झालं की मग आत जातं. घाई करायची होती ती नेमकी पाकिटाची. दोघांचं कूळ एकच आहे: चिरलेलं मांस, मीठ, आणि ते भरायला आतडं. टिकण्याची रीत मात्र वेगळी. नीट वाळलेलं चोरीस बऱ्याच अंशी स्वतःच्या अंगच्या गुणांवर टिकतं. हॉट डॉगचं सॉसेज टिकतं ते निव्वळ थंडीवर. एवढं एक ध्यानात आलं की काय निवडावं, कुठं ठेवावं, किती दिवस ठेवावं, हे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

चोरिसापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. नाव पोर्तुगीज 'शोरिसू'वरून आलं आणि कल्पनाही तिकडूनच. पण गोव्यात तिला माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं, आणि दमट हवेशी झुंज द्यावी लागली. डुकराच्या मांसाचे चरबीसकट लहान तुकडे करतात, त्यांना भरपूर मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवतात, सुटलेलं पाणी काढून टाकतात आणि तुकडे उन्हात घालतात. मग सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळं व्हिनेगरात वाटून त्यात मांस दोन-चार दिवस मुरवतात. काही घरांत थोडी फेणीही घालतात. नंतर धुतलेल्या, सुकवलेल्या आतड्यात भरून दोऱ्यानं गाठी मारतात. गाठीगाठीचे मणी झाले की माळ बांबूवर पुन्हा उन्हात, नाहीतर चुलीच्या धुरावर.

या प्रत्येक पायरीचा रोख एकाच शत्रूवर आहे, तो म्हणजे पाणी. जिवाणूंना जगायला अन्नातलं मोकळं पाणी लागतं. मीठ ते पाणी बांधून ठेवतं, ऊन ते उडवून लावतं. उरलेल्या पाण्यात व्हिनेगर आंबटपणा आणतं, तो बहुतेक जिवाणूंना सोसत नाही. धुरातले घटक वरच्या पृष्ठभागावर बुरशी आणि जिवाणू यांना अडवतात. मालवणी घराला यात नवीन काही नाही. खारा बांगडा मिठानं आणि उन्हानं टिकतो, कोकमाचं आगळ मीठ आणि आंबटपणानं टिकतं. चोरिसात या दोन्ही रीती एकत्र आल्या आहेत. म्हणूनच गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला, म्हणजे 'पुरुमेंता'ला, सुक्या मासळीबरोबर चोरीस आलं. आपल्याकडे आगोटीची खरेदी म्हणतात ती हीच.

आता हॉट डॉगचं सॉसेज. खरं तर 'हॉट डॉग' हे लांबट पावात घालून दिलेल्या पदार्थाचं नाव. आतल्या सॉसेजला फ्रँकफर्टर म्हणतात, कारण त्याचं घराणं जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं. अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी ते पावात घातलं, आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरून ते जगभर पोचलं. त्याच्या कारखान्यात घडतं ते चोरिसाच्या नेमकं उलट. मांस बर्फाबरोबर इतकं बारीक वाटतात की त्याची पेस्ट होते. मिठानं मांसातली प्रथिनं विरघळून बाहेर येतात आणि पाणी व चरबी यांना जाळ्यात धरून ठेवतात. अमेरिकेच्या नियमानुसार त्यात तीस टक्क्यांपर्यंत चरबी चालते, आणि चरबी व वरून घातलेलं पाणी मिळून चाळीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे चोरीस करताना जे पाणी जिवाच्या आकांतानं बाहेर काढलं, ते इथे हौसेनं आत घातलेलं आहे. त्या पाण्यामुळेच सॉसेज मऊ आणि रसदार लागतं. ही पेस्ट नळीत भरून शिजवतात, बहुधा धूर देतात, आणि पुष्कळदा ती नळी सोलून टाकतात. शिकागोतल्या एर्विन फ्रॉइंड यांनी १९२५ साली यासाठी सेल्युलोजच्या नळ्या बनवणारी कंपनी काढली. बिनसालीचं, एकसारख्या मापाचं सॉसेज आपल्याला मिळतं त्याची मुळं तिथे आहेत.

असा ओलसर, मऊ, फारसा आंबट नसलेला पदार्थ बाहेर ठेवला तर जिवाणूंना पंगतच मिळते. म्हणून त्यात सोडियम नायट्राइट घालतात. पाकिटावर ते 'आयएनएस २५०' किंवा 'ई २५०' असं लिहिलेलं असतं. शिजवलेलं मांस खरं म्हणजे तपकिरी-करडं व्हायला हवं. सॉसेज गुलाबी राहतं ते नायट्राइटमुळे, आणि हे कसं घडतं ते जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०१ साली उलगडून दाखवलं. पण रंग हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम आहे बॉट्युलिनमच्या जिवाणूला रोखणं.

या जिवाणूच्या नावातच सॉसेज आहे. लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागात सॉसेज खाऊन माणसं मरत. आधी पापण्या जड होत, मग गिळता येईना, मग श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं १८२० आणि १८२२ साली या रोग्यांची तपशीलवार वर्णनं प्रसिद्ध केली. हा माणूस कवीही होता. नासक्या सॉसेजचा अर्क त्यानं स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहिला होता. जिथे हवा पोचत नाही तिथे हे विष तयार होतं, हे त्याला जिवाणूशास्त्र जन्मायच्या आधी कळलं. प्रत्यक्ष जिवाणू सापडला तो शतकाच्या अखेरीस, बेल्जियममधल्या एमिल व्हान एर्मेंगेम यांना.

केर्नरची गोष्ट इथे सांगितली ती तिच्या आजच्या उपयोगासाठी. पुष्कळ घरगुती चोरिसात नायट्राइट किंवा सोरा नसतो. तिथे सगळी भिस्त मीठ, व्हिनेगर आणि वाळवण यांच्यावर असते. तशात ओलसर चोरीस हवाबंद प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटात ठेवलं, तर ज्या जिवाणूला हवा नको असते त्याचीच सोय होते. हवाबंद म्हणजे सुरक्षित, अशी आपली समजूत बिस्किटांवरून झालेली आहे. मांसाला ती लावू नये. हवाबंद केलं की ते फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच गेलं पाहिजे.

बाजारात माळ निवडताना पहिली चूक होते ती रंगावर भाळण्याची. सॉसेजचा गुलाबी रंग नायट्राइटचा, तसा चोरिसाचा लाल रंग मिरचीचा. तो मांसाच्या ताजेपणाबद्दल काहीच सांगत नाही. उलट मांस झाकायला त्याच्याइतकं चांगलं पांघरूण नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि नाकावर भर द्यावा. मणी दाबून पाहावा. नीट वाळलेला मणी घट्ट लागतो, साल सुरकुतलेली आणि आतल्या मांसाला चिकटलेली असते. साल फुगीर, आत हवेची पोकळी, दाबल्यावर लिबलिबीत, असं असेल तर ते एकतर घाईनं भरलेलं असतं नाहीतर वाळलेलं नसतं. हाताला तेल लागलं तर हरकत नाही, चिकट बुळबुळीतपणा लागला तर पुढची माळ बघावी. वास आंबट, लसणीचा, धुराचा असावा. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला तर चरबी बिघडली आहे, आणि तो वास कितीही कांदा घातला तरी जात नाही. सालीवर पांढरी भुकटी दिसते ती कधी मीठ असते, कधी वरवरची बुरशी. हिरवे किंवा काळे लवदार ठिपके असतील तर मात्र घेऊ नये. ओळखीची विक्रेती असेल तर एक मणी कापून दाखवते. आत मांसाचे तुकडे वेगवेगळे दिसावेत, चरबी पांढरट किंवा मिरचीनं केशरी झालेली असावी, पिवळी पडलेली नसावी.

आणि विचारावं. "मावशे, नीट सुकली मां ही?" याचं उत्तर "सुकली तर, पावसापर्यंत बरी रवतली" असंच येणार. म्हणून माझा पुढचा प्रश्न असतो तो कधी भरली आणि किती ऊन लागलं याचा. जिनं स्वतः भरली आहेत ती दिवस मोजून सांगते. फेब्रुवारी ते मे हा चोरिसाचा खरा हंगाम, कारण तेव्हाच ऊन आणि कोरडी हवा मिळते. भर पावसात मिळणारी माळ एकतर हंगामातली जपून ठेवलेली असते, नाहीतर नव्यानं भरलेली आणि ओली. दोन्ही खाण्यालायक असू शकतात, पण ओली आहे हे कळलं पाहिजे, कारण तिला माळ म्हणून वागवता येत नाही. तिला कच्चं मांस समजावं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आमची आजी चोरीस चुलीवर टांगून ठेवायची आणि ते चतुर्थीपर्यंत टिकायचं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं आहे ते. पण त्या माळेखाली रोज दोन वेळा लाकडाची चूल पेटत होती. पावसात बाहेरची हवा पाण्यानं भरलेली असताना चुलीवरची ती दोन हात जागा कोरडी, गरम आणि धुरानं भरलेली असायची. आजच्या स्वयंपाकघरात गॅस आहे. त्याच खिळ्याला माळ टांगली तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ती हवेतलं पाणी ओढून घेते, मऊ पडते, बुरशी धरते. एका वर्षी मी हे स्वतः करून पाहिलं. पाऊस लागून आठ दिवस झाले नव्हते, तोवर अख्खी माळ टाकून द्यावी लागली. शिवाय आताची चोरिसं खाणाऱ्यांच्या आवडीप्रमाणं अधिक रसाळ, कमी आंबट, कमी खारट अशी भरली जातात. आजीच्या चोरिसावरचा विश्वास त्यांच्यावर टाकून चालत नाही.

म्हणून माझी रीत अशी आहे. पाऊस लागण्याआधी, नीट वाळलेली माळ वारा लागेल अशा सावलीच्या जागी टांगावी, एकमेकींना न चिकटता. मृगाच्या सुमारास ती उतरवावी, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावी. कागद ओलावा टिपतो, डबा वास अडवतो, नाहीतर लोण्यापासून दुधापर्यंत सगळ्यांना लसणीचा वास लागतो. दोन-तीन महिन्यांची सोय करायची असेल तर दहा-दहा मणी वेगळे बांधून फ्रीझरमध्ये टाकावेत. ओली माळ घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत शिजवायची नसेल तर थेट फ्रीझरमध्ये.

पाकिटाची निवड अधिक सोपी आहे, कारण ते बोलतं. मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्यामुळे पहिलं नाव मांसाचं आहे का आणि पाणी व स्टार्च किती वर आले आहेत, हे एका नजरेत कळतं. तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा. तारखेजवळ साठवणीचं तापमानही छापलेलं असतं, उणे अठरा अंश किंवा शून्य ते चार अंश, आणि ती तारीख त्या तापमानाला, न फोडलेल्या पाकिटासाठीच खरी असते. फ्रीझरमध्ये रचलेल्या पाकिटांपैकी भरण्याच्या रेषेच्या वर डोकावणारी घेऊ नयेत, तिथे पुरेशी थंडी पोचत नाही. पाकिटात बर्फाचे खडे साचले असतील किंवा सॉसेज वाकडी होऊन एकमेकांत गोठली असतील, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी. चिल्ड पाकीट फुगलेलं असेल, आत गढूळ पाणी सुटलं असेल, तर ते हातातही धरू नये.

मग प्रवास. मांस चार ते साठ अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यातली म्हापशाची दुपार बत्तीसच्या वर असते. एसटीची वाट पाहणं धरलं तर आपला तास वाटेतच संपतो. त्यामुळे पाकीट सगळ्यांत शेवटी घ्यावं, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीला चिकटवून वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळावं, आणि घरी आल्यावर मासळीच्याही आधी आत ठेवावं.

फ्रीजमध्ये त्याची जागा दारात नाही. दार उघडतं-मिटतं, तिथलं तापमान सतत वर जातं. मागची खालची बाजू सर्वांत थंड. न फोडलेलं चिल्ड पाकीट तिथे दोन आठवडे राहतं, अर्थात छापील तारखेच्या आत. फोडलेलं एक आठवडा. फोडल्याची तारीख पेनानं पाकिटावरच लिहून ठेवावी, चौथ्या-पाचव्या दिवशी ती कुणाच्या लक्षात राहत नाही. उरलेली सॉसेज झाकणाच्या डब्यात घालावीत, आणि कच्च्या कोंबडीच्या किंवा मासळीच्या खाली तर कधीच ठेवू नयेत.

एक आठवडाच का, फ्रीज तर थंड आहे, असं वाटेल. कारण लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतो, आणि त्याच्या वाढीनं वास किंवा चव बदलत नाही. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याची मोठी साथ आली. हजारांहून जास्त लोक आजारी पडले, दोनशेहून जास्त दगावले, त्यांत नवजात बाळं पुष्कळ होती. उगम निघाला पोलनी या तयार सॉसेजच्या एका कारखान्यात. सॉसेज कारखान्यात शिजवलेलं असलं तरी नंतर पाकिटात भरताना जिवाणू शिरू शकतो. म्हणून पाकिटातून काढून थेट खाऊ नये, आतपर्यंत वाफाळेल इतकं तापवावं. गर्भवती बाईनं, वृद्धांनी आणि आजारातून उठलेल्यांनी तर यात जराही सूट घेऊ नये.

फ्रीझरमध्ये ठेवलं की काळ थांबतो, हीसुद्धा एक गोड समजूत. जिवाणूंपुरतं ते खरं आहे. चरबी मात्र उणे अठरा अंशांतही हळूहळू खवट होते, आणि मीठ त्या क्रियेला हातभार लावतं. त्यामुळे साधं मांस फ्रीझरमध्ये अनेक महिने चांगलं राहतं, तर खारवलेल्या सॉसेजची चव एक-दोन महिन्यांतच उतरू लागते. चोरिसाला हेच लागू. वितळवताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवावं, ओट्यावर नाही. फ्रीजमध्ये वितळलेलं पुन्हा गोठवता येतं, ओट्यावर वितळलेलं नाही.

हे सगळं वीज आहे तोवर. आमच्याकडे जून-जुलैत झाड तारेवर पडलं की रात्र-रात्र अंधार असतो, आणि तिळारीच्या बाजूच्या वाड्यांना तर कधी कधी दुसऱ्या दिवशीचीही वाट पाहावी लागते. अशा वेळी दार न उघडणं हाच मोठा उपाय. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला चोवीस. म्हणून पावसाळ्यात फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाकावी. आणि घरी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळायला एक युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर चिंता नाही. ते बर्फाच्या तळाशी गेलं असेल, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आणि सॉसेजचं पाकीट टाकून द्यायला हवं. ओल्या चोरिसाचंही तेच.

किती खावं याबद्दल थोडंसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. रोज पन्नास ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज, खाण्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका अठरा टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. खारवलेलं, धुरावलेलं चोरीसही याच व्याख्येत बसतं. सणावाराला खायची वस्तू सणावारालाच ठेवलेली बरी. आणि लहान मुलांना सॉसेज गोल चकत्या करून देऊ नये. ती चकती मुलाच्या घशात बुचासारखी बसते. आधी उभं चिरावं, चार फाकी कराव्यात, मग बारीक तुकडे.

चोरीस शिजवताना साल काढून मांस मोकळं करावं आणि थोड्या पाण्यात टाकावं. तेल घालू नये, त्याची चरबी सुटते तीच पुरते. पाणी आटून लाल तवंग आला की उभा चिरलेला कांदा आणि बटाट्याच्या फोडी, मग मंद आचेवर झाकण. डुकराचं मांस आहे, त्यामुळे ते पूर्ण शिजेपर्यंत चव घ्यायचा मोह आवरावा. मीठ तर आधी घालूच नये. बटाटा शिजला की एक फोड चाखावी, बहुतेक वेळा मिठाची बरणी उघडावीच लागत नाही.